भिंतीकडे तोंड करून

निर्मलाताई वासनिक गराडू खायच्या तेव्हा भिंतीकडे तोंड करून खायच्या. हिवाळा लागला की आमच्या मैदानाच्या फाटकाशी गराडूचा ठेला लागतो. त्या एका हिवाळ्यात सराव संपला की आम्ही बाकीच्या सात जणी त्या ठेल्याला घेराव घालायचो. कंदाच्या तळलेल्या फोडी, वरून लिंबू आणि तो लाल मसाला, बोटं भाजताहेत, तोंड भाजतंय, तरी ‘भिया, जरा कुरकुरीत काढ ना’ हा घोष चालूच. आणि ही पाच फूट आठ इंच उंचीची, दारातून आत आली की खोली लहान वाटायला लावणारी बाई आपली प्लेट उचलून पाण्याच्या टाकीपाशी जायची, आमच्याकडे पाठ करायची आणि भराभरा खायची. मग पुन्हा एक प्लेट. मग पदराने नाही, बाहीने तोंड पुसायची आणि म्हणायची, “चला, उद्या वेळेवर.”

मला आधी वाटलं, शिष्ट आहे. मग वाटलं, दात नवे बसवले असतील. माझी अक्कल तेवढीच धावते. खरं कारण कळलं तेव्हा मला स्वतःच्या हातातली प्लेट कुठे ठेवू असं झालं.

पण ते पुढचं. आधी त्या आमच्यात कशा आल्या ते सांगते.

इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या मराठी मंडळाचा दर हिवाळ्यात मेळावा होतो. लहान मुलांची लिंबू-चमचा शर्यत, पुरुषांचं कॅरम, आणि बायकांची रस्सीखेच. रस्सीखेचीत आम्ही दर वर्षी हरायचो. शेजारच्या अन्नपूर्णा भागातल्या बायका यायच्या, आम्हाला फरफटत न्यायच्या आणि वर आमच्याच मंडळाचा चहा पिऊन जायच्या. एका वर्षी आम्ही अशाच सराव करत होतो, म्हणजे दोर धरून हसत होतो. शेजारच्या इमारतीत नवीन राहायला आलेली एक बाई हातात भाजीची थैली घेऊन बघत उभी होती. बराच वेळ बघितलं तिने. मग थैली खाली ठेवली आणि विचारलं, “माफ करा हं, पण हे काय चाललंय? कुएँ से पानी निकाल रहे हो क्या?”

आमच्यातली एक फणकारली, “मग तुम्ही दाखवा.”

“दाखवते की.”

त्यांनी दोराचं शेवटचं टोक घेतलं, एका काखेखालून पाठीवर, पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर असं आणलं, टाचा मातीत रोवल्या आणि मागे रेलल्या. “तुम्ही सगळ्या तिकडून धरा. सातही जणी. ओढा.” आम्ही ओढलं. तोंडं लाल झाली, एकीची बांगडी फुटली. त्या हलल्या नाहीत. वर विचारतात, “सुरू केलं का?”

त्यांचे वडील जवळच महूला पलटणीत सुभेदार. रेजिमेंटच्या रस्सीखेच टीमचे अँकर, म्हणजे दोराच्या शेपटाशी उभा असतो तो. त्यांना मुलगा नव्हता, आणि असता तरी त्यांनी हिलाच शिकवलं असतं असं त्या मोठ्या ऐटीत सांगायच्या. क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाला दोर बांधून संध्याकाळी त्या एवढ्याशा पोरीला उभं करायचे. “बाबा म्हणायचे, झाडाला ओढायला नाही सांगितलं तुला. झाडाने तुला नाही ओढलं पाहिजे.” त्या हे अगदी गंभीरपणे सांगायच्या. झाड कशाला कुणाला ओढेल, असं मी एकदा म्हणाले तर म्हणाल्या, “उभी राहून बघ मग कळेल.”

उभी राहिले. कळलं. थोड्या वेळाने झाड खरंच ओढायला लागतं.

त्यांच्या शिकवणीत ओढणं हा प्रकार जवळजवळ नव्हताच. पकड, बस, थांब. आम्ही ओढायला लागलो की मागून खेकसायच्या, “हाताने काय करते आहेस? कपडे पिळते आहेस का? टाच! टाच लाव!” नावं त्यांना लक्षात राहत नसत की मुद्दाम घेत नसत, कोण जाणे. दोरावर जिथे उभी राहशील तो तुझा नंबर. मी तीन नंबर. बाजारातसुद्धा त्या लांबून हाक मारायच्या, “ए तीन नंबर, गिलकी कशी दिली?” आणि भाजीवाल्यापासून सगळे माझ्याकडे बघायचे. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, माझा कॉलनीत थोडा तरी दबदबा होता. तो त्यांनी असा भर बाजारात संपवला.

नोकरी पोस्टात. काउंटरवर शिक्के मारून मारून उजवा हात असा झाला होता की पाठीवर शाबासकी दिली की आपण दोन पावलं पुढे. त्यांच्या सगळ्या बोलण्याला ती महूची छावणी आणि इंदूरचा बाजार दोन्ही चिकटलेले. “टेन्शन नको घेऊ यार, समोरची थकली आहे, मला दोरात कळतंय.” हे त्यांचं खास होतं. समोरच्या आठ जणींत कुणाचा पाय घसरतोय, कोण उगीच जोर दाखवतेय, कोण दमलीय, हे सगळं दोरातून हातात येतं म्हणायच्या. आम्ही हसायचो. पण त्या ‘आता’ म्हणाल्या की आम्ही ओढायचो, आणि समोरच्या यायच्या. त्या वर्षी आम्ही जिंकलो. अन्नपूर्णावाल्यांनी चहा न पिताच पाय काढता घेतला. तो चहा मी आयुष्यात विसरणार नाही.

वासनिकजी तेव्हा पहिल्यांदा दिसले. टेलिफोन खात्यातून निवृत्त, अंगाने काडी, तोंडाने फटाका. बायको जिंकल्यावर मैदानात येऊन हरलेल्यांना म्हणाले, “बहनजी, घरी मीसुद्धा कधी जिंकलो नाही, तुम्ही काय घेऊन बसलात!”

मग त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला.

त्या पहिल्या वेळी निर्मलाताईंनी सगळं सोडलं. मैदान सोडलं, दोर सोडला, आमच्याशी बोलणंही सोडलं म्हणा ना. ऑपरेशन, केमो, पोस्टातून लांबलचक रजा. रस्त्यात भेटल्या तरी हातात रिपोर्टची पिशवी आणि पायात घाई. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आम्ही इमानेइतबारे हरलो. वासनिकजी मात्र वाचले. अर्धं पोट घेऊन का होईना, पुन्हा कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला छेडायला लागले. ताई परत आल्या. दोर खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, “चलो, बहुत आराम हो गया तुमचा.” काही वर्षं छान गेली.

आणि तो परत आला. या वेळी लिव्हरमध्ये. ही बातमी कॉलनीत पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नाही.

आम्ही गृहीत धरलं की ताई आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही सात जणी तोंडं पाडून उभ्या होतो, आणि त्या आल्या. थंडी फार नव्हती तरी अंगात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, गळ्यापर्यंत बटणं. कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, “रस्सी उठाओ.”

उठवली. करणार काय.

पुढचे दोन महिने त्या एकदाही चुकल्या नाहीत. पाच वाजता यायच्या, सहाच्या आत निघायच्या. दोराचा वळ खांद्यापासून काखेखालून दंडावर उमटतो, तो झाकायला त्या पूर्ण बाह्या. तळवे सोलवटलेले असायचे म्हणून दवाखान्यात नर्ससमोर मुठी मिटून बसायच्या, हे मला त्यांच्याबरोबर एकदा गेले तेव्हा दिसलं. घरी त्या फळं आणायला अन्नपूर्णाला जाते असं सांगून निघायच्या. परत जाताना खरोखरच कोपऱ्यावरून पपई घ्यायच्या, खोटेपणा नको म्हणून.

कॉलनीने काय म्हणायचं ते म्हटलंच. कॉलनी कधी गप्प बसली आहे? संक्रांतीच्या तयारीला जमलेल्या बायकांत विषय निघाला. नवरा तिकडे अंथरुणावर, आणि ही इकडे दोर ओढते. एवढा उत्साह येतो कुठून बाई. मन कसं होतं. मग कुणीतरी, तिळगुळाची ताटली पुढे सरकवावी तशा सहजपणे म्हणालं, “त्यांच्यात चालत असेल.”

त्यांच्यात म्हणजे कुठल्या जातीत, हे तिथे सगळ्यांना कळलं. मीही तीळ निवडत राहिले. माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर बसून बोललेलं वाक्य ते. लिहितानाही कान तापतात.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी जरा जास्तच गोड बोलत होते त्यांच्याशी. त्यांनी ओळखलं. दोरात माणूस ओळखणाऱ्या बाईला जिभेवरचा गूळ ओळखायला किती वेळ. सराव संपल्यावर त्या प्लेट घेऊन टाकीच्या भिंतीकडे गेल्या तेव्हा मी मागोमाग गेले. म्हटलं, “ताई, अशा एकट्या काय खाता?”

त्या खात राहिल्या. मग भिंतीकडेच बघत म्हणाल्या, “कोण काय म्हणालं ते नको सांगू मला. त्यांच्यापेक्षा वाईट मी रोज स्वतःला म्हणते.”

“अहो, पण तुम्ही काय वाईट करताय?”

“भूक लागते गं मला.”

मला कळेना.

“भूक. खूप लागते. ते दोन चमचे खिचडी खातात आणि उलटी करतात. वास सहन होत नाही म्हणून मी घरात फोडणी बंद केली. आणि त्याच वेळी माझ्या पोटात कावळे ओरडतात. झोप लागते, गाढ लागते. तीसपस्तीस वर्षं ज्याच्याबरोबर जेवले तो असा, आणि माझं अंग बघ, कसं टणटणीत. आरशात बघायची लाज वाटते मला. इथे येते तेव्हा वाटतं, हे सगळं जे अंगात भरलंय ते दोरावर घालून यावं. तर झालं उलटंच, आणखी भूक लागते.” आणि मग एकदम, “लाज वाटते ना, पण खाते. बघ, दुसरी प्लेट.”

एवढं बोलून त्यांनी शेवटची फोड तोंडात टाकली. “लिंबू हवं का अजून?” एवढंच सुचलं. तेही आणून दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी वासनिकजींसाठी मुगाचं कढण घेऊन गेले होते. ताई पोस्टात. वासनिकजी पलंगावर उशांना टेकून बसलेले, डोक्यावर माकडटोपी, अंगावर शाल. दोन घोट घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. मग चेहरा एकदम निरागस करून म्हणाले, “मंजूताई, यंदा अँकरला कोण?”

मी वाटी उचलली. “यंदा… अजून ठरायचंय.”

“अच्छा, ठरायचंय.” त्यांनी मान डोलावली. “बरं मला सांगा, अन्नपूर्णाला पपई घ्यायला जाणाऱ्या बाईच्या खांद्यावर तागाची कुसळं कुठून येतात? पपईवाला पोत्यात बसून विकतो काय?”

मी हसले, आणि मग मला रडू यायला लागलं. ते मात्र मजेत होते.

“रोज ती झोपली की मी झटकतो. सकाळी तिला दिसली तर तिलाच वाईट वाटेल, की आपण पकडलो गेलो.”

“मग तुम्ही बोलत का नाही? सांगा ना त्यांना की जा म्हणून. आनंदाने जातील.”

“कसं बोलू?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. “बोललो तर तिला लाज वाटणार. आणि मला काय कमी वाटते? मी असा माणूस झालोय घरात की बायकोला खेळायला चोरून जावं लागतं. पहिल्या वेळी तिने सगळं सोडलं होतं ना, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बरा झालो की हिला पुन्हा दोरावर बघेन. बघितलंही. आता पुन्हा एकदा बघायचंय. बस. फाइनलला मला घेऊन चला. फक्त तिला सांगू नका, नाहीतर ती पपई घ्यायला खरंच अन्नपूर्णाला जाईल.”

मी हो म्हटलं. मंडळाच्या सेक्रेटरींना, आमच्या नानासाहेबांना, एक आरामखुर्ची गर्दीच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगितली. कुणासाठी तेही सांगितलं. नानासाहेब मवाळ माणूस. त्यांच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. “शेवटचं बघणार बिचारे,” म्हणाले. मी म्हटलं, शेवटचं-बिवटचं काही नाही, खुर्ची तेवढी ठेवा.

फाइनल अर्थातच अन्नपूर्णावाल्यांशी. उन्हं कलली होती. मैदानात फक्की मारलेली, दोराच्या मध्यावर लाल फडकं. एकच ओढ, त्यात जिंकलं ते जिंकलं, असा आमच्या मंडळाचा नियम. ताई शेपटाशी उभ्या, खांद्यावरून दोर घेतलेला. अँकरला समोर सगळ्यांच्या पाठीच दिसतात, त्यामुळे गर्दीमागे माझ्या नवऱ्याने आणि पलीकडच्या इमारतीतल्या दोघांनी मिळून वासनिकजींना खुर्चीवर आणून बसवलं ते त्यांना कळलं नाही.

शिट्टी झाली. आम्ही बसलो. टाचा रोवल्या. मागून ताई म्हणाल्या, “थांब… थांब…” आणि तिसरं ‘थांब’ म्हणायच्या आत दोर आमच्याकडे आला. नुसता आला. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर मागे पडलो. लाल फडकं फक्कीच्या अलीकडे. टाळ्या, शिट्ट्या, ढोल. मी दोन नंबरच्या खालून कशीबशी बाहेर आले, हात वर केले, नाचायलाच लागणार होते.

मागे वळून बघितलं तर ताई बसल्या जागी बसलेल्या. दोर अजून खांद्यावर. त्या समोरच्या बायकांकडे बघत होत्या. हरलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता, दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असतो ना, तो. त्या सगळ्या एकाच बाजूला बघत होत्या. ताईंनी तिकडे मान वळवली. गर्दी बाजूला झालेली, मध्ये खुर्ची, खुर्चीत शाल, माकडटोपी, आणि वासनिकजी.

मी कुणाच्या चेहऱ्यावर एवढी लाज कधी पाहिली नाही. चोरी पकडली गेली ती लाज, आणि दान मिळालं ती लाज, दोन्ही एका दमात. त्यांनी हात उचलून कुर्त्याची बाही खाली ओढली. तो वळ झाकायला. एवढ्या माणसांत, एवढ्या उजेडात, तेवढंच झाकायचं राहिलं होतं जणू. मग त्यांनी मान खाली घातली. आम्ही सात जणी उभ्या. ढोलवाला वाजवतच होता मूर्खासारखा. मला त्या क्षणी वाटलं, ही आता उठेल, घरी जाईल आणि पुन्हा कधी दोराला हात लावणार नाही. आम्ही मिळून हिचा तेवढा एक तासही हिरावून घेतला.

“बंद कर रे तो ढोल!”

आवाज वासनिकजींचा. एवढ्याशा छातीतून कसा निघाला देव जाणे.

“ही काय रस्सीखेच झाली?” ते खुर्चीतून पुढे झुकले होते. “नाटक झालं हे! सोडली त्यांनी. मला इथून दिसलं. कुणी सांगितलं सोडायला?”

नानासाहेब बुटांकडे बघायला लागले. मग पुढे आले, हात जोडून. “वासनिकजी, अहो, तुम्ही आला होतात… म्हटलं तुमच्यासमोर…”

“माझ्यासमोर काय? आजारी मी आहे भिया, रस्सी नाही!”

कुणीतरी फिसकन हसलं. त्यांना तेच हवं होतं. लगेच समोरच्या टीमकडे वळून म्हणाले, “आणि तुम्ही बायांनो, चांगल्या खात्यापित्या घरच्या दिसता, शरम नाही वाटत? ओढा जरा.”

अन्नपूर्णावाल्यांची कॅप्टन, गोल चेहऱ्याची तरुण मुलगी होती, तिचे डोळे भरले. ती मैदान ओलांडून ताईंपर्यंत आली आणि म्हणाली, “सॉरी आंटी. आम्हाला सांगितलं म्हणून…”

ताई तेव्हा कुठे उठल्या. कुर्ता झटकला. मुलीकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही. फक्त म्हणाल्या, “परत.” आणि मग आमच्याकडे वळून खेकसल्या, “काय बघताय? रस्सी उठाओ!”

ती खरी ओढ किती वेळ चालली मला सांगता येणार नाही. आधी काहीच झालं नाही. फडकं मधोमध थरथरत होतं. माझे दंड जळायला लागले, मग जळायचे थांबले, मग माझे राहिलेच नाहीत. मागून ताईंचा श्वास ऐकू येत होता, आणि खुर्चीकडून एक फाटका आवाज, “निर्मला, टाच! टाच लाव!” सुभेदारांनी लेकीला शिकवलेलं ते, तिने आम्हाला शिकवलेलं, आणि त्या घरात एवढी वर्षं ऐकून ऐकून जावयालाही पाठ झालेलं.

आम्ही हरलो. समोरच्या तरुण होत्या, दमदार होत्या, आणि मघाची लाज त्यांनाही धुवायची होती. इंच इंच करत त्यांनी आम्हाला नेलं. आम्ही सात जणी फक्कीपलीकडे जाऊन कोसळलो तरी ताई अजून मागे रेललेल्या होत्या, आणि त्यांच्या टाचांनी मातीत दोन चर पडले होते. शिट्टी झाल्यावर त्यांनी दोर उतरवून ठेवला.

मग त्या खुर्चीपाशी गेल्या. नवऱ्यापुढे शाळेतल्या मुलीसारखी उभी होती ती एवढी मोठी बाई. “पपई आणायची राहिली,” एवढं म्हणाल्या.

“वाक जरा,” ते म्हणाले. त्या वाकल्या. त्यांनी सगळ्यांच्या देखत तिच्या खांद्यावरची तागाची कुसळं एकेक करून काढली. “भूक लागली असेल.”

ताईंनी मान हलवली. नाही म्हणून.

“खोटं नको बोलू. मंजूताई, एक प्लेट गराडू आणा. आणि तू तिकडे भिंतीकडे नाही जायचं. इथे, माझ्यासमोर खायचं.”

म्हणजे भिंतीचंही त्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. मी नाही.

मी प्लेट आणली. ताईंनी दोन फोडी खाल्ल्या, तिसरी उचलली. रडत होत्या आणि चावत होत्या. वासनिकजींनी एक फोड उचलली, नुसता मसाला जिभेला लावला, डोळे मिटले आणि फोड परत तिच्या प्लेटमध्ये ठेवली. “लिंबू कमी आहे,” म्हणाले.

त्यानंतर ताईंनी चोरून खाणं बंद केलं. वासनिकजींचा हुकूमच होता तसा. जेवणाच्या वेळी टीव्ही बंद, ताट त्यांच्या पलंगाशेजारी, आणि ताईंनी पोटभर जेवायचं. ते बघत बसायचे. “आज भाजीला मीठ बरोबर आहे ना?” विचारायचे. फोडणीही पुन्हा सुरू झाली, खिडकी उघडी ठेवून. मी एकदा त्या वेळी गेले तर मलाही बसवलं. ताई भाकरी मोडून खात होत्या आणि ते एकटक बघत होते. मी खाली मान घालून जेवले. दोघा नवरा-बायकोच्या मध्ये बसल्यासारखं वाटलं मला, आणि ते खरंच होतं.

होळीच्या थोडं आधी ते गेले. सकाळी.

दुपारी सगळे स्मशानातून परतले. नागपूरहून नणंदा, दीर, पुण्याहून लेक-जावई, महूकडचे लोक, पोस्टातले लोक. घर भरलेलं, जिन्यावर चपलांचा ढीग. मी माझ्या स्वयंपाकघरात त्या पाहुण्यांसाठीच पोहे करत होते. आमच्याकडे वाफेवर करतात तसे, मोठ्या पातेल्यात. मागच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर निर्मलाताई. पांढरी साडी, अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज. दंडावर दोराचा जुना वळ काळा पडलेला दिसत होता.

मला वाटलं रडायला आल्यात. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“ए तीन नंबर,” त्या इतक्या हळू म्हणाल्या की पातेल्यातल्या वाफेच्या आवाजात मला नीट ऐकू येईना. “काही खायला आहे का गं?”

मी गॅस बारीक केला.

“काल दुपारपासून नाही खाल्लं. तिकडे सगळ्या रडताहेत, त्यांच्यात बसून कसं मागू? सगळे बघतील.” मग पातेल्याकडे बघत, “ते बघायचे ती गोष्ट वेगळी होती.”

मी प्लेट भरली. त्यांनी ती घेतली आणि सवयीने भिंतीकडे वळल्या. उभ्याने खायला लागल्या, माझ्याकडे पाठ करून, भराभरा. दोरावर ती पाठ मला कधीच दिसली नव्हती, त्या नेहमी आमच्या मागे असायच्या. चमचा प्लेटवर वाजत होता. शेजारच्या जिन्याकडून त्यांच्या लेकीच्या रडण्याचा आवाज येत होता.

चमचा थांबला. मला वाटलं, आता प्लेट ठेवून जातील. त्या वळल्या. तोंडाला हळद लागलेली, डोळे कोरडे. रिकामी प्लेट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“आहेत आणखी?”

“आहेत की. खूप आहेत.” मी पातेल्याचं झाकण काढलं. “शेव घालू?”

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे.

“घाल.”